मालनचे हात

कोल्हारच्या श्रीमंतची पहिली बायको वारली आणि दोन वर्षांनी, एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, त्यानं कडूबाईशी लग्न केलं. पहिलीची मुलगी मालन तेव्हा नऊ वर्षांची होती. दिवाळीनंतर तिच्या हातून वस्तू पडायला लागल्या. आधी पेला, मग कालवणाची वाटी. हात आपोआप झटके घ्यायचे, तोंड वेडंवाकडं व्हायचं. पोरगी वेडावून दाखवते असं वाटून मास्तरांनी छड्या मारल्या.

आजी साळूबाईचा संशय मात्र थेट सुनेवर गेला.

"हिनं पोरीला कायतरी खायला घातलंय," ती श्रीमंतला म्हणाली. तेव्हापासून साळूबाई मालनचं ताट स्वतः वाढायची, भाकरीचा पहिला तुकडा आपण खाऊन बघायची. कडूबाई चुलीपाशी बसून हे बघायची, पण अवाक्षर काढायची नाही. त्यानं संशय आणखीच वाढला.

शेवटी साळूबाई नातीला घेऊन राहुरीला बहिणीकडे गेली. सावत्र आईच्या हातचं बंद झालं की पोर सुधारेल, असा तिचा हिशेब. पंधरा दिवसांत मालनला धड चालता येईना. बहिणीनं तिला नगरच्या दवाखान्यात न्यायला लावलं. निरोप मिळताच श्रीमंत आणि कडूबाईही तिथं आले.

डॉक्टर हन्नाबाईंनी विचारलं, "झोपेत हात हलतात का?"

"न्हाई. झोपली की समदं थांबतं," कडूबाई म्हणाली.

"मागं कधी घसा दुखला होता? ताप?"

"पोळ्याच्या टायमाला. गिळता येत नव्हतं. मी चार दिवस गुळण्या करवल्या."

"मला का न्हाई सांगितलं?" साळूबाईनं विचारलं.

"तुमी म्हनला असता, मीच कायतरी केलं."

"कुणी काही केलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घशातल्या जंतूंमुळं हे होतं. घसा बरा होतो आणि पुढं हातपाय असे उडायला लागतात. हृदयालाही थोडा त्रास झालाय. हात थांबतील, पण दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, काही वर्षं. एकही चुकवू नका."

घशाचं दुखणं हातात कसं उतरेल, हे साळूबाईला पटलं नाही. दर खेपेला ती एस्टीनं दोघींबरोबर जायची आणि सुनेवरची नजर काढायची नाही.

होळीपर्यंत मालनचे हात स्थिर झाले. ती शाळेत जाऊ लागली. चैत्रातल्या खेपेला साळूबाई ओट्यावरून उठलीच नाही.

"तुमीच जाऊन या," ती म्हणाली.

कडूबाई तिच्याकडे बघत राहिली. यात आता काय डाव आहे, तिला कळेना. मग मालनला घेऊन ती स्टँडकडे निघाली.