गाजराचा उरेब

गल्लीत तिला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेतल्या नव्हे, कात्रीच्या. पस्तीस वर्षं तिनं लोकांचे कपडे बेतले होते. गिऱ्हाईक उंबरा ओलांडून आत येईपर्यंत तिला त्याच्या कमरेचा घेर कळलेला असे. अशा बाईनं वरच्या फळीवरचा तागा काढायला डुगडुगत्या स्टुलावर चढावं आणि उजवं मनगट मोडून घ्यावं, याला काय म्हणायचं? प्लास्टर निघून दोन महिने झाले तरी अंगठा पुरता मिटत नव्हता. दुकान तेव्हापासून बंद होतं आणि किल्ली मुलाच्या खिशात होती.

सोमवारी एक मोबाइलवाला ते दुकान भाड्यानं घ्यायला म्हणून बघायला येणार होता. मुलानं त्याला परस्पर बोलावलं होतं. हे कळल्यावर ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र बोलली.

"माझा हात चालतो की नाही, ते आता मोबाइलवाला ठरवणार का?"

"आई, तुला धड डाव धरता येत नाही," मुलगा म्हणाला. "कात्री कशी धरशील?"

"मग घे परीक्षा."

मुलगाही तिचाच. त्यानं नेमकी अवघड परीक्षा काढली. ऑफिसजवळच्या हॉटेलातून तो कधीमधी अमेरिकन-चिनी पद्धतीचं चिकन-भाज्यांचं स्टर-फ्राय आणायचा. त्यात शिजवणं दहा मिनिटांचं आणि कापणं तासाभराचं.

"रविवारी ते कर. एकटीनं. कुणी हात लावायचा नाही, आणि सगळे तुकडे एकसारखे हवेत. जमलं तर किल्ली तुझी."

गाजरापाशीच ती हात टेकेल, असं त्याला वाटलं होतं.

रविवारी सकाळी दहाला ती ओट्याशी उभी राहिली. सून मोबाइलवरची कृती वाचून दाखवायला खुर्ची घेऊन बसली. जिभेला बंदी नव्हती. सुरीची मूठ बारीक असल्यानं पकड बसेना, तेव्हा सासूनं मुठीला जुन्या चादरीची पट्टी गुंडाळली, गाठ दातांनी ओढली आणि मूठ जाडजूड करून घेतली.

"चिकन तंतूंच्या आडवं कापा," सून वाचत होती. "म्हणजे कसं हो, आई?"

तिनं तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. "हा बघ उभा धागा. याला आडवं कापलं की चावायला मऊ. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"अर्धा इंच म्हटलंय."

"पाऊण ठेवते. शिजल्यावर आटणारच ना ते? माया ठेवायला नको?"

सुनेला हसू आलं. शिवणीच्या आत जादा राखलेल्या कापडाला शिंपी माया म्हणतात, हे ती या घरात येऊन शिकली होती. नवऱ्याचे शाळेतले फोटोही तिनं पाहिले होते. एकच पँट तीन वर्षं, दर वर्षी माया उसवून लांब केलेली, आणि पायाशी जुन्या दुमडीच्या खुणा.

"आता गाजर तिरपं कापा."

"तिरपं काय, उरेब म्हण. तिरप्या कापडाला म्हणतात तसं."

तिसऱ्या गाजराला मनगटातून कळ निघाली. तिनं हात नळाखाली धरला, पुसला आणि पुन्हा सुरी उचलली. ब्रोकोलीचे तुरे झाले. सिमला मिरचीला सुरी निसटली आणि खणकन फरशीवर पडली. मुलगा दारात आला.

"राहू दे आता, आई."

"तू बाहेर बस. परीक्षकानं वर्गात फिरायचं, पेपर लिहायचा नाही."

बोलायला बोलली, पण सुरी उचलताना तिला दुकानच दिसत होतं. दुकान गेलं की ती मास्तर उरणार नव्हती. हातात आयता चहा मिळणारी, टीव्हीसमोर बसवलेली एक बाई उरणार होती. तिनं सुरी धुतली आणि उरलेली मिरची कापली.

चिकनला सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर चोळून झालं होतं. तिनं कढई धूर येईपर्यंत तापवली, चिकन परतून बाजूला काढलं. मग आलं-लसूण, त्यावर गाजर, ब्रोकोली आणि शेवटी मिरची, कारण ती लगेच मऊ पडते. उलथनं डाव्या हातात होतं, उजवा नुसता कढईचा कान धरून होता. चिकन परत आत गेलं. सोया सॉस, चिमूटभर साखर आणि कॉर्नफ्लोअरचं पाणी पडलं, तशी सगळ्यावर चकाकी आली.

राहिलं होतं कढई टेबलावर नेणं. तिनं दोन्ही हातांनी ती उचलली. कढई दोन बोटं वर आली आणि खाली बसली. पुन्हा उचलली, पुन्हा बसली. मुलगा पुढे झाला.

"हात मागे," ती म्हणाली.

तिनं ताटल्याच शेगडीपाशी मागवल्या आणि कढईतूनच वाढलं.

मुलानं खाण्याआधी गाजराच्या सहा चकत्या ताटलीच्या कडेला ओळीनं मांडल्या. सहाही सारख्या होत्या. त्यानं त्या उलट्या करून पाहिल्या. मग चिकनचा घास घेतला.

"मऊ आहे," तो तक्रार केल्यासारखा म्हणाला.

"कढई उचलली गेली नाही," तिनं आपणहून सांगून टाकलं. "पण माझ्या दुकानात कढई नसते."

"शटर असतं. ते कढईपेक्षा जड आहे."

सून चावायची थांबली. याचं उत्तर सासूकडे आठवडाभर तयार होतं.

"ते सकाळी नऊला तू वर करायचंस आणि संध्याकाळी तूच खाली ओढायचंस," ती म्हणाली. "तेवढी माया ठेवलीय मी तुझ्यासाठी."

 कडेला मांडलेल्या चकत्या मुलानं एकेक करून संपवल्या. मग खिशातली किल्ली काढून तिच्या ताटलीशेजारी ठेवली आणि मोबाइलवाल्याला फोन लावायला उठला.