पहिला नकार

आमच्या हॉटेलच्या पाटीवर 'अफगाणी आणि मेडिटरेनियन' असं लिहिलंय. त्यातलं दुसरं हे माझ्या नवऱ्याचं, गौसचं डोकं. आमच्या देशाला समुद्राचं टिपूस नाही, आणि तो भूमध्य समुद्र आम्ही ओलांडला तो विमानात झोपून. पण फ्रीमाँटच्या गोऱ्या गिऱ्हाइकाला यादीत हम्मस दिसलं की धीर येतो, असं त्याचं म्हणणं. येवो बापडा. ते हम्मस डब्यातून येतं. कबाब मात्र सबूरच्या हातचे, आणि लोक येतात ते त्यासाठीच. कागदाच्या थाळ्या, हलणारी टेबलं, पाणी आपलं आपण घ्यायचं, तरी दुपारी बसायला जागा नसते.

सबूर आमचा उस्ताद. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती एक मुलगी यल्दा इथेच जन्मलेली, इथेच शिकून नर्स झालेली. ड्यूटी संपली की ती वडिलांच्या हातचं खायला आमच्याकडे येते. मला परीखाला म्हणते, खाला म्हणजे मावशी. सबूर स्वभावाने इतका मऊ, की भट्टीसमोर कसा टिकला देव जाणे. आणि दोन दुकानं सोडून होमैराचं कपडे दुरुस्तीचं दुकान. तीही विधवा, मुलगा सॅक्रामेंटोला, इथे एकटी. दर गुरुवारी दुपारी ती आमच्याकडे चपली कबाब खायची. तिचा कबाब सबूर दुसऱ्या कुणाला थापू द्यायचा नाही. कडा पातळ आणि कुरकुरीत, वर टोमॅटोची चकती. ती खात असताना हा आतल्या खिडकीतून बघायचा आणि मी गल्ल्यावरून दोघांना बघायची. मला डोळे आहेत.

मीच त्याला छेडून छेडून बोलतं केलं. त्याच्या घरात वडीलधारी बाई नाही, तेव्हा मागणी घालायला मी गेले. होमैराने वेलदोड्याचा चहा केला, साखरेतले बदाम पुढे ठेवले, माझा पेला रिकामा होऊ दिला नाही. मी विषय काढला. ती म्हणाली, नको परीगुल जान, आता काय या वयात, मुलगा काय म्हणेल. मी अगदी खुशीत परत आले आणि सबूरला सांगितलं, पहिला नकार झाला.

आमच्यात पहिल्या खेपेला हो म्हणणारी बाई अजून जन्मायची आहे. मुलाकडच्यांनी उंबरठा झिजवायचा, चहा ढोसायचा, नकार ऐकायचा आणि पुन्हा जायचं. मग एका खेपेला मुलीच्या घरी केलेलं गोडाधोडाचं तबक हातात येतं. ते आलं की होकार समजायचा, तोंडाने हो कुणी म्हणत नाही. आणि खरा नकार असतो तोही कळतो. खाटीक रऊफची बहीण गेली होती होमैराकडे भावासाठी. तिला होमैराने दारातच उभं केलं, चहाचं नाव काढलं नाही, आणि मला कामावर जायचंय म्हणून कुलूप हातात घेतलं. याला म्हणतात नाही.

पण मी सबूरला सांगत होते तेव्हा यल्दा तिथेच पुलाव खात बसली होती. तिने चमचा खाली ठेवला. ती म्हणाली, त्या नाही म्हणाल्या ना, मग विषय संपला. परत गेलात तर तो त्रास देणं होईल. तिने पुढे सांगितलं, की ज्यांचं 'नाही' कुणी ऐकलं नाही अशा बायका तिच्या वॉर्डात रोज येतात. पोरगी खोटं बोलत नव्हती. फक्त जे औषध ती देत होती, तो आजार आमच्या होमैराला नव्हता. मी चहाचं सांगितलं, बदामांचं सांगितलं. ती म्हणाली, बदामांवरून कुणाच्या मनातलं कळत नाही, परीखाला.

सबूरने मुलीचं ऐकलं. मला म्हणाला, "पुन्हा जाऊ नकोस, परीगुल जान. मी तिला त्रास देणारा माणूस नाही."

त्याच्या मर्जीविरुद्ध त्याच्यासाठी मागणी कशी घालणार? मी गप्प बसले, आणि गप्प बसणं मला झेपत नाही, त्यामुळे गौसशी उगाच भांडले. होमैराचे गुरुवार बंद झाले. मग तिच्या शेजारच्या दुकानातून कळलं, की मुलगा सॅक्रामेंटोला बोलावतोय, महिनाअखेरीस ती दुकान बंद करून कायमची जाणार. ते ऐकून सबूर आत गेला आणि कांदे चिरत राहिला, आधीच ढीगभर चिरलेले असताना. मला त्या माणसाची इतकी दया आली, आणि इतका रागही आला, की दोन्हींत जास्त काय ते सांगता येणार नाही.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी होमैरा आली. दुपारची गर्दी ओसरली होती. कोपऱ्यात आमचे एक हाजीसाहेब नान मोडत बसले होते, आणि भिंतीशी यल्दा. होमैरा म्हणाली, बसत नाही, निरोप घ्यायला आले, बटाटा भरलेल्या दोन बोलानी बांधून दे. मी म्हटलं, बस. नको म्हणाली. पुन्हा म्हटलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा खुर्ची ओढून दिली, तेव्हा बसली. चहाचंही तसंच, घरून पिऊन आलेय, नको, नको, आणि मग दोन पेले. फिरनीला पोटात जागा नव्हती, तरी वाटी चाटूनपुसून स्वच्छ झाली. यात सांगण्यासारखं काही नाही, सगळे असंच खातात. पण यल्दा खायचं थांबून बघत होती.

तेवढ्यात सबूर आतून आला. हातात चपली कबाबची थाळी, कडा कुरकुरीत, वर टोमॅटोची चकती. त्याने ती होमैरासमोर ठेवली. तिने वर न बघता म्हटलं, "नको उस्ताद. पोट भरलंय माझं."

"बरं," सबूर म्हणाला. त्याने थाळी उचलली आणि तो वळला.

पाहुण्यासमोर ठेवलेलं अन्न परत नेणारा अफगाण मी जन्मात पाहिला नव्हता. हाजीसाहेबांचा घास तोंडातच राहिला. होमैरा टेबलावरच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. ते बघून मला तिथल्या तिथे सबूरच्या टाळक्यात काहीतरी घालावंसं वाटलं.

मी गल्ल्यामागून बाहेर येईपर्यंत यल्दा उठली होती. तिने वडिलांच्या हातातून थाळी घेतली आणि परत होमैरासमोर ठेवली.

"खाला, खा ना."

"नको गं."

"थोडंसं. माझ्यासाठी."

"तू म्हणतेस म्हणून हं," असं म्हणून होमैराने नानचा तुकडा मोडला.

यल्दा तिच्यासमोर बसली. तिने दोन-तीन घास होऊ दिले. मग इथे वाढलेली पोरं विचारतात तसं थेट विचारलं, "खाला, तुम्ही माझ्या बाबांना नाही म्हणालात, ते पण असलंच होतं का?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आमचं हॉटेल पाटीसकट गडप व्हावं. असं कुणी विचारतं का? पण होमैराने घास नीट चावून गिळला आणि तोंड पुसलं.

"मी एकदाच नाही म्हटलं होतं, बेटा," ती म्हणाली. "मग कुणी आलंच नाही. मी रोज संध्याकाळी चहाचं पाणी जास्त ठेवत होते. मग म्हटलं, म्हाताऱ्या विधवेला कोण दोनदा विचारतंय. जावं मुलाकडे."

सबूर भटारखान्याच्या दारात उभा होता, आत जाताही येईना आणि बाहेर येताही येईना. यल्दा कानापर्यंत लाल झाली. तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, पण त्या क्षणी तिला रडू येत होतं हे मला दिसत होतं. तिने नाक पुसलं आणि ती ताठ बसली.

"मग मी विचारते. बाबांसाठी. तुम्ही आमच्या घरी याल?"

"नको गं पोरी," होमैरा म्हणाली. "लोक हसतील."

यल्दाने माझ्याकडे बघितलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. जीव गेला असता तरी मी बोलले नसते, हे तिचं तिनेच करायला हवं होतं.

"बरं," यल्दा म्हणाली. हेच 'बरं' सबूरही म्हणाला होता. "मग उद्या तुमच्या घरी येऊन परत विचारते. चहाला येते."

होमैराने कबाबचा उरलेला तुकडा नानमध्ये गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"उद्या नको," ती म्हणाली. "नानखटाई भाजायला माझा दिवस जातो. परवा ये. परीगुललाही आण."

हाजीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला आणि पुटपुटत दुआ मागितली. सबूर दाराची चौकट धरून खाली बसला. एकट्या यल्दाचाच चेहरा अजून गोंधळलेला होता. ती माझ्याकडे आली आणि कानाशी लागून म्हणाली, "परीखाला, म्हणजे हो की नाही?"

"म्हणजे परवा," मी म्हटलं.