चौदा नंबरचा साग

जिप्सी चौकीशी थांबली. आमचा वाटाड्या नितेश माझ्या गुडघ्यांकडे बघत म्हणाला, "आजी, आता पुढं अर्धा कोस पायदल जा लागते. तुमी इथंच बसा, पोरीले मी दाखवून आणतो."

"झाड पोरीले नाई, मले पाहाचं हाये," म्हणत मी उतरले. माझी नात आकांक्षा गालात हसली. मी एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही, हे तिला ठाऊक आहे.

चाळीस वर्षांपूर्वी मेळघाटातल्या या भागाचं राष्ट्रीय उद्यान झालं नव्हतं. इथे तोड चालायची. माझे मालक, नत्थुजी, एका ठेकेदाराकडे मुकादम होते. तोडायच्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर सुतळीनं मोजायचा, जितका भरेल तिथे सुतळीला गाठ मारायची आणि बुंध्याची साल तासून नंबर खोदायचा, हे त्यांचं काम. त्या वर्षी चौदा नंबरचा साग यादीत होता, पण डेपोत पोचलाच नाही. ठेकेदारानं चोरीचा आळ घालून यांना काढून टाकलं.

हे म्हणाले, "ढोलीत धनेश पाखराची मादी पिल्लं घेऊन बसून होती, ढोलीचं तोंड आतून लिंपून. झाड पाडलं असतं तं पिल्लायसंगट मेली असती. मी ते सोडलं. नाल्याच्या वळणावर कातळाले लागून उभंच हाये, जाऊन पाहा."

एवढ्या आत कोण जातो पाहायला? त्यात त्याच वर्षी चांदूर बाजारच्या आमच्या घराला सागाची नवी चौकट बसली. झालं! "चौदा नंबर नत्थुजीच्या दारात उभा हाये," असं गावानं म्हणायचं तेवढं म्हणून घेतलं.

गावाचं सोडा, मीही तेच मानलं. चौकट कुठून आणली, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही. पाडव्याचं तोरण मात्र तिला कधी बांधलं नाही, मधल्या दाराला बांधायचे. त्यांनीही कधी विचारलं नाही, काहून.

गेल्या चैत्रात ते गेले. त्यांच्या पेटीत एक सुतळी सापडली. तिला एक गाठ होती आणि कागदाचा पिवळा तुकडा बांधला होता, त्यावर १४. तेव्हाच मी ठरवलं, आता जाऊन बघायचं. झाड नसेल तर नसेल, पण निदान खरं काय ते कळेल.

वाट चढाची होती. दोनदा दगडावर टेकले. दुसऱ्यांदा नितेश म्हणाला, "आजी, परत जाऊ ना?"

"तुले थकवा आला असंल तं बस. आमी जातो."

बिचारा पुढं चालू लागला. दोन्हीकडे ऐन आणि अर्जुन इतके उंच, की मान मोडून पाहावं तेव्हा शेंडा दिसावा. मला त्यांचं कौतुक करायला सवड नव्हती.

नाल्याच्या वळणावर, कातळाला लागून, त्यांनी सांगितलं होतं तिथेच तो साग उभा होता. वर ढोली. खाली बुंध्यावर तासलेली जागा, दोन्ही बाजूंनी साल चढत आलेली. मी पालापाचोळा सारला. फटीत खोदलेले आकडे होते, एक आणि चार.

आकांक्षानं सुतळीचं एक टोक धरलं, नितेश दुसरं घेऊन बुंध्याला वळसा घालून आला.

"आजी, गाठ जुळत नाई. दीड वीत कमी पडून राहिली."

"पडंलच ना. चाळीस वर्षं वाढलं ते."

मी बुंध्याला हात लावला. मला रडू आवरेना. चोर म्हणून मी त्यांना जेवायला वाढत होते, आणि ते गुमान जेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सुतळीत आंब्याची पानं ओवली आणि स्टूल घेऊन चौकटीशी गेले. शेजारची रुख्मिणी धावत आली. "जमुनाबाई, वर्ष नाई झालं अजून त्याहिले! तोरण काहून बांधता? एवढी काय घाई?"

"घाई नाई वं," मी गाठ मारत म्हणाले, "चाळीस वर्षं उशीर झाला मले."