दवंडीच्या जागी आलेला आवाज

बोलणे हेच माझे काम होते, आणि तरीही स्वतःविषयी मी कधी एक शब्द उच्चारला नाही. मी मारेगावच्या वाटेवरील एका कापूसपिकाच्या गावातला, चावडीवरचा रेडिओ. माझा आवाज आता गेला आहे. इतरांचे निरोप पोहोचवण्याची घाई उरली नाही, म्हणून स्वतःचे काही सांगतो.

माझी जोडणी मुंबईच्या एका कारखान्यात झाली. लोखंडी पेटी, समोर जाळीचे तोंड, आत काचेचे व्हॉल्व्ह आणि शेजारी माझ्याहूनही जड बॅटरी. महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या पुढच्या वर्षी सरकारी जीपमधून मी गावात उतरलो. सरपंच पुंडलिकराव पाटलांनी मला हार घातला, नारळ फोडला आणि मग खुंटी पिरगाळली. नागपूर केंद्राचा आवाज बाहेर पडताच काही म्हाताऱ्यांनी हात जोडले. पंचायतीचा शिपाई गोविंदा त्यांना म्हणाला, "बुवा, पाया पडू नका, आत कोनी नाई."

मी कोणाची जागा घेतली आहे, हे मला हळूहळू कळले. माझ्याआधी या गावाचा आवाज डोमाजीचा होता. गळ्यात डफडे अडकवून तो गल्लोगल्ली दवंडी देई. छप्पन्न सालच्या दसऱ्याला तो आणि त्याची बायको कांताबाई नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परतले. परतल्यावर त्याने डफडे चावडीच्या ओट्यावर आणून ठेवले. मेलेली जनावरे ओढणे आणि दवंडी देणे, ही दोन्ही कामे त्याने एकाच दिवशी सोडली. काही वर्षे गाव मुके राहिले. मग मी आलो.

दवंडीचा स्वभाव मात्र मला ठाऊक नव्हता, आणि माझी सगळी कथा त्या अज्ञानातून निघते. दवंडीत शंका नसते. शेतसाऱ्याची वसुली, देवी टोचणारे डॉक्टर, नाल्यात गुरे सोडण्याची मनाई, जे काही डफड्यावर सांगितले जाई ते आधीच ठरलेले असे. अमुक गोष्ट व्हावी असे कोणा एका माणसाला वाटते, एवढे सांगण्यासाठी कोणी कधी डफडे वाजवले नाही. पिढ्यान् पिढ्या कानांवर जगलेल्या या समाजासाठी चारचौघांत मोठ्याने उच्चारलेला शब्द म्हणजे हुकूम. माझ्या तोंडून मात्र हुकूमही जात आणि वादही जात, आणि दोन्ही अगदी एकाच स्वरात.

एका हिवाळ्यात पुंडलिकरावांच्या चुलतभावाचा बैल मेला. तो ओढायला डोमाजीला बोलावणे आले, तेव्हा त्याने हात जोडून नकार दिला. शब्दाने शब्द वाढला, ढकलाढकली झाली, आणि तक्रारीत लिहिले गेले की डोमाजीने काठी मारली. ती काठी कोणी पाहिली नव्हती. पोलीस त्याला घेऊन गेले. तालुक्याच्या कोर्टाने त्याला जामीन मंजूर केला, पण जामीनदाराच्या नावावर शेत असावे अशी अट घातली. डोमाजीच्या वस्तीत शेत कोणाच्याच नावावर नव्हते, आणि ज्यांच्या नावावर होते ते सगळे तक्रार करणाऱ्याचे सोयरे. अशा रीतीने जामीन मिळालेला माणूस यवतमाळच्या तुरुंगात जाऊन बसला.

घरी कांताबाई आणि अंथरुणाला खिळलेली सासू मथुराबाई. कांताबाई दिवसभर कापूस वेची आणि संध्याकाळी चावडीसमोरच्या कडुनिंबाखाली येऊन उभी राही. माझा आवाज सगळ्यांना सारखा पोहोचत होता, बसायच्या जागा मात्र सारख्या नव्हत्या. पुंडलिकराव तिला पाहून दरवेळी एकच सांगत. डोम्याने डफडे पुन्हा गळ्यात घ्यावे, पूर्वीचे काम धरावे, आपण लगेच कोर्टात जामीनदार म्हणून उभे राहू. त्यांच्या बोलण्यात राग नसे. आपण उपकार करतो आहोत असेच त्यांना मनापासून वाटे. कांताबाई मान खाली घालून ऐके आणि सासूकडे परते.

अशातच एका संध्याकाळी दिल्लीच्या बातम्या माझ्यातून गेल्या. लोकसभेत फौजदारी कायद्यावर चर्चा झाली होती. एका सदस्याने म्हटले होते की आज जामीन गुन्हा पाहून नव्हे तर शेतीवाडी पाहून मिळतो. ज्याच्याजवळ काही नाही अशा आरोपीला जामीनदार न मागता त्याच्या स्वतःच्या हमीवर सोडले पाहिजे. मंत्र्यांनी या सूचनेचा विचार करू असे उत्तर दिले होते. मी हे सगळे आले तसे सांगितले, आणि त्याच दमात हवामानाकडे वळलो. ‘सोडले पाहिजे’ एवढे ऐकून कडुनिंबाखालची कांताबाई तोवर निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती सासूला शेजारणीच्या हवाली करून, नेसूचे धड लुगडे नेसून तालुक्याला गेली. तिथे काय झाले ते तिच्यासोबत गेलेल्या तिच्या भावाने, बळीरामने, पुढे गोविंदाला सांगितले आणि गोविंदाने माझ्यासमोर सगळ्यांना. तिने कोर्टात हात जोडून सांगितले की माझ्या धन्याला आता सोडा, दिल्लीहून तसे आले आहे. कोणी सांगितले, असे विचारल्यावर ती म्हणाली, चावडीवर सांगितले, साऱ्या गावाने ऐकले. कारकून हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी तिला जवळ बोलावले आणि म्हणाले, "बाई, ते मागितले आहे. अजून दिलेले नाही."

त्या संध्याकाळी ती कडुनिंबाखाली थांबली नाही. ओट्याच्या पायऱ्या चढून थेट माझ्यासमोर आली. बसलेले लोक सरकले. तिने मला नव्हे, गोविंदाला विचारले, "यानं खोटं काहून सांगतलं?"

"खोटं नाई व कांताबाई. तिथं एक मेंबर बोलून राह्यला होता. मंत्री म्हनले, पाहू."

"पाहू म्हनले?"

"हो. आपले पाटील रस्त्याचं म्हनते, तसंच."

लोक हसले, पुंडलिकरावही हसले. कांताबाई माझ्या जाळीकडे वळली.

"म्हनजे दिल्लीतला तो मानूसबी मांगूनच राह्यला," ती म्हणाली.

पुंडलिकराव म्हणाले, "तुले दिल्ली कायले पाह्यजे? डोम्याले म्हन, डफडं घे. उद्या मी सही करतो."

"डोमाजी म्हना, पाटील," ती म्हणाली. "त्यायले इचारीन."

ती यवतमाळला गेली. सासूची अन्नावरची वासना उडाली होती आणि ती मुलाचे नाव घेत होती, तेही तिने त्याला लपवले नाही. पाटलांची अट सांगितली, आणि दिल्लीच्या माणसाचे बोलणेही. डोमाजीने ते बोलणे तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द न चुकता वाहून नेले होते, त्याला शब्द तोलून पाहायची सवय होती. आईचे ऐकून तो आधी रडला. मग त्याने जे उत्तर दिले ते कांताबाईने परत येऊन चावडीवर, पाटलांसमोर, जसेच्या तसे सांगितले:

"तो अजून मांगून राह्यला न? मंग मीबी बसतो. मी डफडं घेऊन सुटलो, तं त्यानं कोनासाठी मांगावं?"

पुंडलिकराव उठून घरी गेले. पुन्हा त्यांनी ती गोष्ट काढली नाही.

खटला रेंगाळला. मधल्या उन्हाळ्यात मथुराबाई वारली. मुलगा मातीला नव्हता. पावसाळा गेल्यावर केव्हातरी निकाल लागला. पुरावा नाही म्हणून डोमाजी निर्दोष सुटला. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ तो निर्दोष माणूस आत राहिला होता. हे गावात कोणी बोलून दाखवले नाही. मलाही ते सांगायला कोणी दिले नाही.

सुटल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी तो चावडीवर आला. कांताबाई सोबत होती. दोघे ओट्यावर, माझ्या अगदी समोर बसले, आणि कोणी त्यांना खाली बसायला सांगितले नाही. धरणाची बातमी झाली, कापसाचे भाव झाले, हवामान झाले. मी थांबल्यावर डोमाजीने गोविंदाला विचारले, "त्याचं काय झालं?"

"कोनाचं, दादा?"

"तो मांगत होता, त्याचं."

एरवी प्रत्येक गोष्टीवर काही ना काही बोलणारा गोविंदा माझ्याकडे वळला. पण त्याची पुढची बातमी माझ्यातून कधी गेली नव्हती.

त्यानंतर किती तरी संध्याकाळी ती दोघे आली आणि बातम्या संपेपर्यंत बसून उठून गेली. मी युद्धाच्या बातम्या दिल्या, नेत्यांच्या मृत्यूच्या दिल्या, नव्या बियाण्यांच्या दिल्या. पुढे घरोघर ट्रान्झिस्टर आले. माझे व्हॉल्व्ह एकेक करून विझले, बॅटरी नवी आणण्याचा ठराव झाला आणि बॅटरी आली नाही. आज मी पंचायतीच्या कोठीत मोडक्या बाकांखाली पडून आहे.

डोमाजी विचारत होता ती बातमी मी गप्प झालो त्या दिवसापर्यंत माझ्याकडे आली नव्हती. माझ्यानंतर या गावात जो कोणी बोलेल, त्याला माझी एवढीच विनंती आहे. ती आली तर चावडीवर ओरडून थांबू नकोस. कांताबाईच्या दाराशी जा. आणि बाकीचे सगळे नंतर सांग. आधी सांग, की मंजूर झाले आहे.