पुलावरचा उपाशी राक्षस

ऑरिन टेशने सगळा डिसेंबर त्या राक्षसावर घालवला होता. बोटभर उंचीची मूर्ती. तिला शेवाळी रंग, दातांना पिवळट झाक, गदेवर वाळलेल्या रक्ताचे ठिपके. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात माणसाला कसला ना कसला नाद लागतोच. कोणी गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरत बसतो; ऑरिन दर रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती मित्रांना जमवून कल्पनेतल्या मोहिमा चालवायचा. गोष्ट तो सांगे, आपापल्या पात्राने काय केलं ते बाकीचे सांगत, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवी: ऑरिन सांगेल तेवढा किंवा त्याहून मोठा आकडा पडला तर जमलं.

त्या रविवारी स्टॅनचा फोन आला. त्याच्याकडचा रस्ता बर्फाने बंद झाला होता. स्टॅनचं पात्र म्हणजे टोळीतला एकुलता एक मांत्रिक. तो नसताना वेंडेलचा सरदार आणि वेंडेलच्या मुलीची, ब्रिटाची, तिरंदाज राक्षसापुढे गेले असते तर त्यांचा चुराडाच व्हायचा. खेळ पुढच्या रविवारवर ढकलावा असं ऑरिन म्हणत होता, तेवढ्यात शेगडीवरची चिली, राजमा आणि खिम्याचा तिखट रस्सा, ढवळता ढवळता मार्ना म्हणाली, "स्टॅनच्या जागी मी बसते की."

ऑरिन बायकोकडे बघतच राहिला. इतकी वर्षं ती वाडगे भरून द्यायची आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीवर फुटबॉल लावून बसायची. ब्रिटाने तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

स्टॅनचा मांत्रिक नवशिका होता. त्याला येऊन-जाऊन दोन मंत्र येत: एक, अन्नाची चव आणि वास हवा तसा बदलायचा, दुसरा, हलकी वस्तू लांबूनच उचलणाऱ्या अदृश्य हाताचा. झोळीत दोरी, कंदिलाचं तेल, पीठ आणि एक किटली.

लढाई सुरू झाली ती वाईटच. वेंडेलच्या सरदाराचा वार हुकला आणि राक्षसाने त्याला उचलून पुलाच्या कठड्यावर आपटलं. ब्रिटाचा बाण राक्षसाच्या कातडीत काट्यासारखा रुतून राहिला. मग मार्नाची पाळी आली. तिने चष्मा डोक्यावर चढवला.

"त्याने आज काय खाल्लंय?"

ऑरिनने टिपणं चाळली. राक्षसाची ताकद होती, कातडीची जाडी होती, गदेचं वजनही होतं. जेवणाबद्दल अक्षर नव्हतं. "काहीच नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "घाट बर्फाने बंद आहे. पुलावर कोणी फिरकलेलंच नाही."

"मग तो चिडलेला नाही, भुकेलेला आहे."

तिने ओल्या काटक्यांवर तेल ओतून जाळ केला, किटलीत पीठ कालवून पेज शिजवली आणि मंत्राने तिला कांद्यात भाजलेल्या डुकराच्या मांसाचा वास दिला. किटली राक्षसाच्या नाकाखाली न्यायचं काम अदृश्य हाताला सांगितलं. जवळ जायची तिची तयारी नव्हती. इथे मी मरतोय आणि ही स्वयंपाक करतेय, अशी वेंडेलची तक्रार होती.

ऑरिनच्या मनात क्षणभर पाप आलं. कुणालाच पडणार नाही एवढा मोठा आकडा सांगितला की लढाई वाचली असती. पण टेबलावर कोपरं टेकून बसलेल्या मार्नाच्या चेहऱ्यावर जी ईर्ष्या होती, ती त्याने कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. "बारा," तो म्हणाला.

तिला अकरा पडले. मग ब्रिटा म्हणाली, "मी टोपीने वारा घालते. वास त्याच्याच तोंडावर जाईल." दुसऱ्याने हात लावला तर आकडा वाढतो, असा नियमच होता. ऑरिनने मान डोलावली आणि राक्षसाने गदा खाली ठेवली.

आता राक्षसाला बोलणं भाग होतं, आणि ऑरिनने त्याच्यासाठी फक्त गुरगुरणं तयार केलं होतं. "अजून आहे का?" तोंडात घास असल्यासारख्या जाड आवाजात तो म्हणाला.

"आहे. पण आधी आमच्या माणसाला उचल. हळू. आणि आमच्याबरोबर चल, रोज मिळेल," मार्ना म्हणाली. मग ती ऑरिनकडे वळली. "खाताना बोलायची सवय तुझीच दिसतेय याला."

वेंडेल हसता हसता खुर्चीवरून घसरला. ऑरिन वाडगे भरायच्या निमित्ताने शेगडीकडे गेला. एवढी रंगवलेली लढाई पेजेत बुडाली म्हणून त्याच्या काळजाला जरा चरचरलंच. पाठीमागे तिघांचा वाद पेटला होता. राक्षसाला घोडा द्यायचा की खेचर, आणि तो रात्री कुठे झोपणार. मार्नाचा आवाज सगळ्यांत वरचा. ऐकता ऐकता त्याची चरचर कधी विरली ते त्यालाही कळलं नाही.

तो परतला तेव्हा तिघं खेळातला पूल ओलांडून त्याची वाट बघत होते.

"पलीकडे काय आहे?" ब्रिटाने विचारलं.

पलीकडचं ऑरिनने काहीच रचलं नव्हतं. आज कोणी तिथवर पोचेल असं त्याला वाटलंच नव्हतं. त्याने चिलीचा एक चमचा तोंडात घातला, सावकाश गिळला, आणि म्हणाला, "गाव आहे. पण एकाही धुराड्यातून धूर येत नाहीये."

मार्नाने खुर्ची पुढे ओढली.