कोऱ्या चहाची पाटी

माझा धाकटा भाऊ साठी उलटली तरी दुकानांच्या पाट्या रंगवतो. मागच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या चहावाल्याने त्याला मजकूर दिला: 'कोरा चहा प्या, हृदय जपा. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र सोडू नका.' पण आमच्या कलावंताने कपबशी एवढी मोठी काढली की दुसऱ्या ओळीला जागाच उरली नाही. त्याने ती सरळ गाळली. चहावाल्यालाही त्याचं काही वाटलं नाही.

काल मी त्याच्याकडे गेले. हा रंगाच्या डब्यांमध्ये बसून काळाकुट्ट चहा ढोसत होता. नुसतं बसल्या बसल्या धाप लागत होती. रक्तदाबाच्या गोळ्या खिडकीत धूळ खात पडलेल्या.

"गोळ्या का नाही घेतल्यास?"

"सोडल्या. आता कोरा चहा सुरू केलाय. हृदयाला उत्तम असतो, ताई."

"कुणी सांगितलं?"

त्याने ब्रशने कोपऱ्यावरच्या पाटीकडे दाखवलं.

माझं डोकंच फिरलं. "अरे शहाण्या, ती तूच रंगवलीस ना? स्वतः अर्धा मजकूर खाल्लास आणि उरलेल्यावर जीव टांगतोस?"

"हळू बोल, नात ऐकतेय."

"ऐकू दे! तिलाही कळू दे तिचा आजोबा काय दिवे लावतोय!"

नात ब्रश धूत होती. तिने भीतभीत विचारलं, "आजी, चहा वाईट असतो का गं?"

मुलांवर मला चिडता येत नाही. तिला जवळ बसवलं. "नाही गं. बिनसाखरेचा, बेताचा घेतला तर बहुतेकांना चालतो. हृदयाला थोडी मदतही होत असेल. पण आजोबा पाटी रंगवतात तेव्हा शिडी कोण धरतं?"

"मी!"

"मग पाटी तू रंगवलीस का?"

"नाही, आजोबांनी."

"तसं रक्तदाब उतरवायचं काम गोळीचं. चहा फार तर शिडी धरेल. तुझ्या आजोबांनी रंगाऱ्यालाच घरी बसवलंय. आणि हा असला कडक चहा दिवसभर प्यायला तर छाती उलट धडधडायची."

नात आजोबांकडे वळली. "आजोबा, तुमची धडधडते?"

तो खाली बघत म्हणाला, "रात्री धडधडते. पण त्या गोळीने मला चक्कर येते. शिडीवरून पडलो तर?"

"मग हे डॉक्टरांना सांगायचं की चहावाल्याला?" माझा आवाज पुन्हा चढला. "ऊठ. चप्पल घाल."

रक्तदाबाचा आकडा बघून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. आधी त्याला चांगलं झापलं, मग चक्कर कशी येते ते नीट विचारून गोळी बदलून दिली. "पुन्हा असं काही वाटलं तर आधी मला विचारा," असं दोनदा बजावलं.

आज सकाळी मी त्याच्या दारात हजर. त्याने गोळी हातात घेतली आणि हळूच कपाकडे बघितलं.

"चहाबरोबर घेऊ का?"

"पाण्याबरोबर!" मी आणि नात एकदमच ओरडलो.