नेक्स्ट, नेक्स्ट, कॅन्सल

माझे सासरे आणि मी एकाच ऑफिसात आहोत. घरी ते बाबा, ऑफिसात सर. घरी मी ‘अगं’, ऑफिसात मॅडम. ही वाटणी त्यांनीच केली आणि ते ती इतकी कडक पाळतात की जिना चढताना माझ्या खांद्याचा आधार घेतात, कण्हतात, ‘आई गं’ म्हणतात, आणि तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं की खांदा सोडून ‘गुड मॉर्निंग, मॅडम’ म्हणतात. जणू काही मी आत्ताच कुठल्या तरी दुसऱ्या घरातून आलेय.

जिना यासाठी की आमची कंपनी शहरभरच्या लिफ्ट सांभाळते, पण आमच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. मालकांना विचारलं तर ते म्हणतात, जिन्याने तब्येत चांगली राहते. हे ते गिऱ्हाइकांना सांगत नाहीत.

कुठली लिफ्ट शेवटची कधी तपासली, कुठला दोर कधी बदलला, कोण कुठल्या मजल्यांच्या मध्ये अडकून किती ओरडलं, हे सगळं आमच्या डेटाबेसमध्ये असतं. डेटाबेसचा सर्व्हर ज्या खोलीत आहे तिथे पूर्वी बाथरूम होतं. भिंतीवर अजून निळ्या माशांच्या फरशा आहेत. तिथे, थंडगार वाऱ्याच्या झोतात, गळ्याला मफलर गुंडाळून बाबा बसतात. समोर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. कोणाला काही हवं असलं की तो दाराशी जाऊन विचारतो, बाबा चार ओळी टाइप करतात, उत्तर येतं. मला त्यातलं बरंच येतं, पण माझ्या दाराशी कोणी येत नाही, कारण मला दार नाही. मी बाहेर खिडकीपाशी बसते.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात मालकांचे जावई मॅनेजर म्हणून आले. ऑफिसात त्यांना सगळे जावईबापू म्हणतात. अर्थात, ते खोलीबाहेर गेल्यावर. पहिल्याच आठवड्यात ते माशांच्या खोलीत डोकावले, काळ्या पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, “यात मला काहीच दिसत नाही.”

“काय बघायचंय ते सांगा,” बाबा म्हणाले.

“तसं नाही. मला सगळंच बघायचंय.”

सगळं बघायची सोय बाजारात असते. तिला मॅनेजमेंट टूल्स म्हणतात. डेटाबेसच्या कोठाराला बसवलेली काच समजा, आणि काचेला लावलेली चार बटणं. फाईल उतरवायची, नेक्स्ट दाबायचं, पुन्हा नेक्स्ट दाबायचं, हिरवी पट्टी भरेपर्यंत चहा प्यायचा. मग ज्याला अक्षरांची भीती वाटते त्यालाही सगळं झाडासारखं फांद्या-फांद्यांनी दिसतं. जावईबापूंनी हे काम माझ्याकडे दिलं. पाच मशिनवर टूल्स बसवा, सगळ्यांना दाखवा, महिनाअखेर संपवा. मग हळूच म्हणाले, “तेवढं झालं की सरांना मोकळं करू. किती दिवस त्यांना त्रास द्यायचा? पुढे तुम्हीच बघा सगळं.”

म्हणजे सासऱ्यांची नोकरी मी माझ्या हातांनी काढायची, आणि संध्याकाळी त्याच हातांनी त्यांना वाढायचं. जावईबापूंना हे सुचलं नसेल असं नाही. त्यांना ते सोयीचं वाटलं असेल.

मी घरी येऊन ही गोष्ट आधी सासूबाईंना सांगितली. बाबा अंघोळीला गेले होते. माझा नवरा परगावी होता. तो या गोष्टीत फारसा येणार नाही, कारण तो घरातही फारसा येत नाही. मला वाटलं होतं, आई हळहळतील, डोळ्यांना पदर लावतील, ‘त्यांचं कामावर किती प्रेम’ वगैरे म्हणतील. आईंनी गॅस बंद केला आणि माझा दंड पकडला.

“घरी?” त्या म्हणाल्या. “दिवसभर?”

“हो.”

“हे बघ, लग्न झाल्यापासून हा माणूस सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो. त्याच्यावर आमचा संसार उभा आहे.”

“आई, तुम्ही असं काय बोलता?”

“मी खरं बोलते. एका रविवारी त्यांनी माझे सगळे डबे अक्षरांच्या क्रमाने लावले. शोधायला सोपं पडेल म्हणे. मीठ सापडायला मला बुधवार उजाडला. हा एका रविवारचा पराक्रम. आता सातही वार रविवार झाले तर मी जायचं कुठे?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुपारी शेजारच्या तिघी येतात. पत्ते होतात. आई बाबांच्या खुर्चीत बसतात, पाय स्टुलावर, टीव्ही मोठ्याने. तिघींपैकी एक इतकं मोठ्याने हसते की खालच्या मजल्यावरून एकदा तक्रार आली होती. साडेपाचला सगळं आवरलं जातं आणि सहाला बाबा येतात तेव्हा आई गुडघे दाबत बसलेल्या असतात. मी त्या घरात इतकी वर्षं राहते आणि मला यातलं काही माहीत नव्हतं, याचा मला चांगलाच राग आला. मलाही पत्ते येतात.

“तू एवढंच कर,” आई म्हणाल्या. “ती जी काय हत्यारं आहेत ती बसू देऊ नकोस. तुला कोण विचारणार? त्यांना काय कळतंय त्यातलं?”

आत पाण्याचा आवाज थांबला. आईंनी गॅस पेटवला आणि कढईत काही नसताना कालथा फिरवायला लागल्या.

मी चालढकल सुरू केली. हे काम मी इतकं मन लावून केलं की तेवढं मन लावून टूल्स बसवली असती तर मला बढती मिळाली असती. पहिल्या आठवड्यात मी जावईबापूंना सांगितलं की डिस्कवर जागा नाही. त्यांनी जागा मोकळी करून दिली. मग सांगितलं, आधी दुसरं एक अपडेट लागतं, आणि ते लागण्याआधी तिसरं. मग अँटिव्हायरस आडवा आला. बिचारा गप्प बसला होता, मीच त्याला पुढे केलं. मग मशिन रिस्टार्ट करावं लागेल म्हटलं, आणि कोणाचं मशिन रिस्टार्ट करायचं यावर एक अख्खी बैठक झाली, कारण कोणीच आपलं द्यायला तयार नव्हतं. जावईबापू रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, “झालं का?” मी कपाळाला आठ्या घालून म्हणायची, “एरर आली.” एरर म्हटलं की माणसं आजारपणाचं नाव काढल्यासारखी दोन पावलं मागे सरकतात.

पण जावईबापू कितीही झाले तरी जावई होते, त्यांना कुठेतरी स्वतःला सिद्ध करायचं होतं. शेवटी एका दुपारी ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “करा माझ्यासमोर.” माझी पाचावर धारण बसली. नेक्स्ट. नेक्स्ट. हिरवी पट्टी अशी पळायला लागली की मी तिला आयुष्यात इतकं गुणी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात जावईबापूंना त्यांच्या सासऱ्यांचा, म्हणजे मालकांचा, फोन आला आणि फोन कानाला लावून ते उभ्या उभ्याच वाकत बाहेर गेले. पट्टी शेवटाला आली होती. मी इकडे तिकडे बघितलं आणि कॅन्सल दाबलं. ‘खरंच रद्द करायचं?’ असं मशिनने विचारलं. मी ‘हो’ म्हटलं.

“का गं?” मागून आवाज आला.

बाबा उभे होते. मफलर गळ्यात, हातात चहाचा कप. त्यांनी ऑफिसात मला कधीच ‘गं’ म्हटलं नव्हतं.

“एरर आली, सर.”

“मी बघत होतो. एरर आली नाही. तू आलीस मध्ये.”

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू बसले.

“पंधरा दिवस मी ऐकतोय. जागा नाही, अपडेट नाही. मला वाटलं, या पोरीला जमत नाहीये, पण सांगायला लाजतेय. माझ्यासाठी करत होतीस?”

इथे खरं सांगायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा असा काही झाला होता की मी मान हलवली. हलवायची नव्हती, हलली.

बाबांनी चष्मा काढून पुसला. “वेडी आहेस,” ते म्हणाले. “तुला वाटलं मला इथे राहायचंय?”

“नाही राहायचं?”

“माझे गुडघे रोज सकाळी विचारतात, अजून किती? त्या खोलीत उन्हाळ्यात स्वेटर घालतो मी. आणि ते मासे. एवढी वर्षं बघतोय, एकसुद्धा पुढे सरकला नाही. मला घरी जायचंय. दुपारी आपल्या घरात ऊन कुठून येतं तेसुद्धा मला माहीत नाही. आणि तुझ्या सासूबाईंबरोबर दुपारचा चहा मी कधी घेतलेला नाही. रविवारी तिला गाढ झोप लागते.”

रविवारी दुपारी आई भिंतीकडे तोंड करून, डोळे टक्क उघडे ठेवून पडलेल्या असतात. हे मी त्यांना कसं सांगणार?

“सरक,” बाबा म्हणाले. त्यांनी माऊस हातात घेतला. त्यांना त्याची सवय नव्हती, टेबलावरून तो घसरून पडेल की काय असा दोन्ही हातांनी धरला होता. नेक्स्ट. नेक्स्ट. हिरवी पट्टी भरली. पडद्यावर फांद्या-फांद्यांचं ते झाड उघडलं आणि त्यांनी ते कौतुकाने बघितलं, दुसऱ्याच्या बाळाकडे बघतात तसं. मग उठून दुसऱ्या मशिनकडे गेले. संध्याकाळपर्यंत पाचही झाली. जावईबापू मला म्हणाले, “बघा, मनात आणलं की होतं.”

मी गच्चीवर जाऊन आईंना फोन केला. मागे तिघींचा हसण्याचा आवाज येत होता.

“आई, बसली.”

“काय बसली?”

“टूल्स. बाबांनीच बसवली. त्यांना घरी यायचंय. तुमच्याबरोबर चहा प्यायला.”

पलीकडचं हसणं थांबलं. आईंनी त्यांना हातानेच गप्प केलं असणार. “एक काम सांगितलं होतं तुला,” आई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या रात्री जेवताना आई ताठ बसल्या होत्या. दिवसभर भाषण पाठ केल्यासारखा चेहरा. पण बाबांनीच आधी तोंड उघडलं.

“पुढच्या महिन्यापासून मी घरी आहे,” ते म्हणाले. “आणि तुला एक सांगतो. आपल्या सुनेने माझी नोकरी टिकावी म्हणून काय काय केलंय. पंधरा दिवस त्या जावयाला झुलवलं तिने. माझ्या पोटच्या मुलाला सुचलं नसतं.”

मी ताटात बघत होते. जमीन दुभंगली असती तर मी ताटासकट आत गेले असते. आईंनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. मला वाटलं, त्या मूग गिळून बसतील आणि हे खोटं आमच्या घरात कायमचं राहायला येईल.

“तिने तुमच्यासाठी नाही केलं,” आई म्हणाल्या. “मी सांगितलं म्हणून केलं.”

“तू?”

“हो.”

“मी घरी येऊ नये म्हणून?”

“हो.”

बाबांचा हात ताटावर थांबला. त्यांना लागलं होतं, चांगलंच. ते लपवायची कला त्यांना येत नाही. मला आईंचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्या हिमतीला हात जोडावेसे वाटले.

“माझं काय चुकलं?” त्यांनी विचारलं.

“चुकलं काही नाही.” आईंचं भाषण कुठेतरी सांडलं होतं. “मला तुमची सवय नाही.”

नळ ठिबकत होता, तो बंद करायला उठावं असं मला वाटलं, पण उठायची माझी हिंमत झाली नाही.

“मला तरी कुठे आहे तुझी?” बाबा शेवटी म्हणाले. “म्हणून तर यायचंय.”

आईंनी पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला.

“तिकडे दुपारी चहा कधी घेता?”

“साडेतीनला.”

“दोन चमचे साखर घालतात का ते लोक?”

“मी बिनसाखरेचा घेतो.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“मग सकाळी मी देते तो?”

“तो तू देतेस,” बाबा म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ त्यांनी बाबांकडे बघितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी त्यांच्या ताटात वाढायला हात पुढे केला, मध्येच थांबल्या, आणि विचारलं, “हे तरी आवडतं का?”

“हे आवडतं.”

आईंनी वाढलं. “आम्ही चहा चारला घेतो,” त्या म्हणाल्या. “चौघी असतो. मी तुमच्या खुर्चीत बसते.”

“मग मी कुठे बसू?”

“बघू,” आई म्हणाल्या.